सुसाट कोरडे वारे आणि जवळ पेटलेला वणवा : या चुका टाळा

जगाच्या काही भागांत दरवर्षी ठरावीक काळात असे वारे सुटतात की आकाशात एकही ढग नसताना तिथले रहिवासी हवामान खात्याच्या सूचनांकडे डोळे लावून बसतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील सांता आना वारे हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण. शरद ऋतूपासून हिवाळा सरेपर्यंत अंतर्भागातील उंच पठारी प्रदेशावर हवेचा दाब वाढला की तिथली हवा डोंगरखिंडींतून समुद्राकडे धाव घेते; खाली उतरताना ती दाबली जाते, दर हजार मीटर उतारामागे सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता अनेकदा १० टक्क्यांच्याही खाली जाते. अशी हवा काही तास वाहत राहिली की वाळके गवत आणि झुडपे तर सोडाच, पण कुंपणाच्या फळ्या आणि दाराबाहेरचे पायपुसणेसुद्धा सरपणासारखे पेट घ्यायला तयार होते. उत्तर कॅलिफोर्नियात याच जातीच्या वाऱ्यांना डायब्लो म्हणतात, तर आग्नेय ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यामध्ये वाळवंटाकडून येणारे तप्त वारे तितकेच घातक ठरतात.

अशा वाऱ्यांत भडकलेल्या मोठ्या आगींचे वृत्तांत वाचले तर माणसांच्या बऱ्याचशा चुका एकाच सवयीतून घडलेल्या दिसतात. लोक आगीचे अंतर मोजतात. आपल्या हाताशी किती वेळ उरला आहे, हे मोजत नाहीत. पुढील मुद्दे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

नकाशावरचे अंतर पाहून निर्धास्त राहणे

वणवा म्हटले की ज्वाळांची सरकत येणारी भिंत डोळ्यांसमोर येते आणि ती भिंत दिसेपर्यंत आपण सुरक्षित आहोत, असे वाटत राहते. प्रत्यक्षात वाऱ्याच्या जोरावर पेटलेली आग आपल्या पुढे निखाऱ्यांचा मारा करते. जळत्या साली, काटक्या आणि छपरांचे तुकडे उचलले जाऊन एक-दोन किलोमीटरवर सहज पडतात, कधी त्याहूनही कितीतरी दूर जातात आणि पडतील तिथे नवी आग लावतात. घरे जळण्याचे प्रमुख कारण हे निखारेच असतात; ज्वाळांचा थेट स्पर्श होण्याआधीच, किंवा तो मुळीच न होता, घर आतून पेटलेले असते.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅरडाइस या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर सकाळी साडेसहाच्या सुमारास लागलेली आग दोन तासांच्या आत गावात होती, कारण मुख्य आघाडी पोचण्यापूर्वीच निखाऱ्यांनी गावात ठिकठिकाणी आगी लावल्या होत्या. त्या दुर्घटनेत ८५ माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सँटा रोझा शहरात आगीने सहा पदरी महामार्ग ओलांडून पलीकडची सपाटीवरची दाट वस्ती बेचिराख केली. डोंगर आणि जंगल यांपासून आपण दूर आहोत, असे तिथल्या लोकांनी गृहीत धरले असेल तर त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता, कारण तोवर धोक्याचे नकाशेही तसेच सांगत होते.

वाऱ्याची दिशा पाहून स्वस्थ बसणे हीदेखील याच चुकीची दुसरी बाजू आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दिवसभर उत्तरेकडचे वारे आगींना लांबट पट्ट्यांच्या रूपात पुढे नेत होते. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागताच त्या पट्ट्यांची संपूर्ण लांबी आगीची आघाडी बनली आणि आतापर्यंत बाजूला राहिलेली गावे थेट तिच्या तोंडी आली. त्या दिवशीच्या आगींत १७३ जणांचा मृत्यू झाला. हवामानाच्या अंदाजात वारा फिरण्याची वेळ दिलेली असेल तर वेगाच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या वेळेला द्यावे. चढणीवर आग वेग घेते, हेही विसरू नये. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमन क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. दरीच्या डोक्यावरच्या सुंदर देखाव्याच्या घरांना हा हिशेब सर्वाधिक लागू पडतो.

अधिकृत आदेश येईपर्यंत थांबून राहणे

ही चूक शिस्तप्रिय माणसांकडून जास्त होते, म्हणून ती अधिक खेदजनक वाटते. आदेश देणाऱ्या यंत्रणेला आग कुठे आहे ते कळावे लागते, आदेशाचा मसुदा तयार व्हावा लागतो, तो पाठवावा लागतो आणि आपल्या फोनपर्यंत पोचावा लागतो. यांपैकी कोणतीही कडी वादळी वाऱ्यात तुटू शकते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीना वस्तीच्या पश्चिम भागासाठी स्थलांतराचा आदेश निघाला तेव्हा पहाटेचे सुमारे साडेतीन वाजले होते आणि आग लागून नऊ तास उलटले होते. त्या आगीतले जवळजवळ सर्व मृत्यू याच पश्चिम भागात झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लाहायना येथे धोक्याचे भोंगे वाजवले गेले नाहीत. वीज आणि मोबाइल सेवा तर आधीच कोलमडलेली होती.

त्यामुळे आदेशाकडे बाहेर पडण्याची शेवटची मुदत म्हणून पाहावे. आपण कधी निघणार, हे वारे सुटण्याआधी, शांत डोक्याने आणि घरातल्या सर्वांच्या संमतीने ठरवून कागदावर लिहून ठेवावे: अमुक रस्त्याच्या अलीकडे आग आली तर, वीज गेली आणि धुराचा वासही येऊ लागला तर, किंवा स्थलांतराचा केवळ इशारा मिळाला तरी. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण किंवा मोठी जनावरे असलेल्या घरांनी, तसेच ज्यांच्या वस्तीतून बाहेर पडायला एकच रस्ता आहे त्यांनी, इशाऱ्याच्या टप्प्यावरच निघणे योग्य. हा निर्णय ऐन वेळी चर्चेला घेतला की घरातला सर्वांत आशावादी माणूस जिंकतो आणि अर्धा तास वाया जातो.

सूचना एकाच मार्गाने मिळेल, अशा भरवशावरही राहू नये. स्थानिक प्रशासनाच्या सूचनासेवेत नाव नोंदवावे, बॅटरीवर किंवा हाताने फिरवून चालणारा रेडिओ जवळ ठेवावा आणि वाऱ्याच्या रात्री फोन निःशब्द करून झोपू नये. डोंगरावरून उतरणारे हे वारे बहुधा रात्री उशिरा आणि पहाटे जोर धरतात. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिस काउंटीत एका मर्यादित भागासाठीची स्थलांतराची सूचना चुकून सुमारे एक कोटी लोकांना गेली, तेव्हा चिडून अशा सूचनाच बंद करून टाकाव्यात असे कुणालाही वाटले असते. चुकीच्या सूचनेने झोपमोड होते. बंद केलेल्या सूचनेची किंमत त्याहून फार मोठी असू शकते.

झाडे तोडणे, पण उंबरठा विसरणे

घराभोवती ३० मीटरपर्यंतचे गवत आणि झुडपे विरळ करावीत, हा सल्ला बहुतेकांनी ऐकलेला असतो आणि पुष्कळजण तो मनापासून पाळतातही. मात्र निखाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे भिंतीला लागून असलेला पहिला दीड मीटर, आणि नेमका तिथेच शोभेचा लाकडी भुसा पसरलेला असतो, खिडकीखाली दाट झुडूप असते, भिंतीला टेकून जळाऊ लाकडाची रास असते आणि बाकावर फोमच्या उशा असतात. या पट्ट्यात जळणारे काहीही नसावे; खडी, फरशी किंवा मोकळी माती उत्तम. लाकडी कुंपण थेट घराला भिडत असेल तर आग त्याच्यावरून चालत घरापर्यंत येते, म्हणून शेवटचा तुकडा धातूचा बसवावा.

त्यानंतर छपराकडे पाहावे. पन्हळीत साचलेला पालापाचोळा आणि पाइनच्या सुया हे निखाऱ्यांचे आयते घरटे असते, आणि पन्हळ धातूची असली तरी आतला कचरा पेटल्यावर छपराची कड पेटते. पोटमाळ्याची आणि घराच्या तळाखालची हवा खेळती ठेवणाऱ्या झरोक्यांना जाळी असतेच, परंतु ती बहुधा उंदीर-पाखरे अडवण्यापुरती असते. तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी निखारे बऱ्याच अंशी अडवते. प्लास्टिकची जाळी वितळते आणि तिचा काहीही उपयोग होत नाही. खर्चाच्या मानाने सर्वाधिक संरक्षण कशातून मिळते असे विचारले तर माझे उत्तर जाळी आणि पन्हळ हेच राहील. महागडे अग्निरोधक रंग आणि फवारे यांचा विचार त्यानंतर करावा.

या कामांची वेळ चुकवणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. धोक्याचा इशारा लागल्यावर घाईने गवत कापायला यंत्र बाहेर काढले जाते, पाते दगडावर आपटते आणि ठिणगी उडते. वेल्डिंग, ग्राइंडर, तापलेल्या सायलेन्सरची गाडी वाळक्या गवतावर उभी करणे, हे सर्व त्याच प्रकारचे. कापणी आणि साफसफाई मोसम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या दमट हवेत उरकावी. वारा सुटल्यावर फक्त हाताने उचलता येईल ते करावे: उशा, पायपुसणी, प्लास्टिकच्या खुर्च्या, केरसुण्या आत घ्याव्यात आणि उडून जाणाऱ्या वस्तू बांधाव्यात. शिडीवर चढण्याची ती वेळ नव्हे.

छपरावर पाणी सोडून निघून जाणे

तुषार सिंचनाची नळी छपरावर चालू ठेवून निघून जाण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु त्याचा लाभ फारच थोडा असतो. इतक्या कोरड्या वाऱ्यात फवारा भलतीकडेच उडतो, ओले छप्पर काही मिनिटांत सुकते, आणि शेकडो घरांनी एकाच वेळी असे केले की नळाचा दाब पडतो. शहरी जलवाहिन्यांची रचना एखाद-दुसऱ्या पेटलेल्या इमारतीच्या हिशेबाने केलेली असते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधील पॅसिफिक पॅलिसेड्स येथे मागणी इतकी वाढली की उंचावरच्या भागाला पाणी देणाऱ्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटर क्षमतेच्या तिन्ही टाक्या रिकाम्या झाल्या आणि वरच्या रस्त्यांवरचे अग्निशमन नळ कोरडे पडले. बागेची नळी तोटीला जोडून, सहज दिसेल अशी ठेवावी, बादल्या भरून ठेवाव्यात आणि तोटी बंद करून निघावे.

विजेबाबतचे घोटाळे

जोरदार वाऱ्यात तारा तुटून वणवे लागू नयेत म्हणून काही ठिकाणी वीज कंपन्या आधीच पुरवठा तोडतात, आणि मग अंधारात नव्या चुका होतात. जनरेटर गॅरेजमध्ये, दार थोडे उघडे ठेवून चालवणे ही त्यांतली सर्वांत जीवघेणी. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर आणि धुराड्याचे तोंड खिडक्यांपासून उलट दिशेला ठेवूनच चालवावा. तो घराच्या वायरिंगला थेट जोडला तर वीज उलट्या दिशेने मुख्य तारेत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात येतो. मेणबत्त्यांऐवजी बॅटरीचे दिवे वापरावेत. ज्या रात्री खिडकीची तावदाने थरथरत आहेत, त्या रात्री उघडी ज्योत कशाला हवी?

गॅरेजचे विजेवर चालणारे दार वीज गेल्यावर हाताने कसे उघडायचे, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा करून पाहिलेले असावे. २०१७ च्या आगींमध्ये काही वृद्धांना हे दार उघडता आले नाही आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात अशा नव्या यंत्रांना बॅटरीची जोड सक्तीची झाली. त्याहून सोपा उपाय म्हणजे वाऱ्याच्या दिवसांत गाडी बाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवणे. इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, कारण वीज नसली की पंपही चालत नाहीत. विजेवरच्या गाडीचे चार्जिंग तर इशारा येताच पूर्ण करून घ्यावे.

तुटून पडलेली तार मृत आहे असे कधीही समजू नये; तिच्यापासून निदान दहा मीटर दूर राहावे. तार गाडीवर पडली तर आतच बसून मदत मागावी. गाडीने पेट घेतल्यामुळे बाहेर पडावेच लागले तर गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा रीतीने, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता घसटत दूर जावे.

निघताना होणारी गडबड

एका कुटुंबाच्या तीन गाड्या आहेत म्हणून तिन्ही बाहेर काढल्या की अरुंद रस्त्यावर सर्वांचाच वेग घटतो. पॅरडाइसमध्ये आणि पुढे पॅलिसेड्समध्येही कोंडीत अडकलेल्या लोकांना गाड्या टाकून पायी पळावे लागले, आणि पॅलिसेड्समध्ये त्या बेवारस गाड्या बुलडोझरने ढकलून अग्निशमन दलाला वाट करावी लागली. गाडी सोडण्याची वेळ आलीच तर ती कडेला घ्यावी आणि किल्ली आतच ठेवावी. फोनवरचा नकाशा मोकळा दाखवतो तो रस्ता आगीमुळे बंद झाल्याने मोकळा असू शकतो. म्हणून बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा आधी दिवसाउजेडी गाडी चालवून ओळखीच्या केलेल्या असाव्यात.

घर सोडताना सर्व खिडक्या आणि आतली दारेही बंद करावीत, पातळ पडदे काढून टाकावेत, सोफा-गाद्या खिडक्यांपासून दूर सरकवाव्यात, पंखे आणि वातानुकूलन बंद करावे. घराचे दार कुलूपबंद करू नये आणि बाहेरचा एखादा दिवा चालू राहू द्यावा, म्हणजे दाट धुरात जवानांना घर सापडते. अंगावर सुती किंवा लोकरीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. मांजर ऐन वेळी पलंगाखाली दडते, म्हणून वारा वाढू लागताच पाळीव प्राण्यांना एका खोलीत आणून पिंजऱ्याची सवय असलेल्यांना पिंजऱ्यात ठेवावे.

एवढे करूनही आगीने गाडीतच गाठले, तर झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्या जागी थांबून काचा आणि हवेच्या झडपा बंद कराव्यात, खिडकीच्या पातळीखाली आडवे होऊन लोकरी कांबळे अंगावर घ्यावे आणि मदतीसाठी फोन करावा. धुरातून पायी पळण्यापेक्षा गाडीत बचावण्याची शक्यता बहुधा जास्त असते.

धूर कमी लेखणे

आग दहा डोंगर पलीकडे असली तरी धूर घरात येतो. कापडी रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा साधा मास्क यातले सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो, परंतु तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि दाढीवर तो घट्ट बसत नाही. विषारी वायू तोही अडवत नाही, त्यामुळे मास्क लावून आगीजवळ थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

खिडक्या बंद करूनही वास येत राहिला तर आधी स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा बंद आहे का ते पाहावे, कारण तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच धुराने भरलेली हवा फटींतून आत ओढली जाते. वातानुकूलन यंत्राची बाहेरची हवा घेणारी झडप उघडी राहिलेली असणे हे दुसरे नेहमीचे कारण. सर्व घर शुद्ध करण्याच्या नादी न लागता एकच खोली निवडावी, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवावी आणि सूक्ष्म कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरचे यंत्र तिथेच चालवावे. ओझोन सोडणारी ‘शुद्धीकरण’ यंत्रे फुप्फुसांना उलट अपायच करतात. तळणे, मेणबत्ती लावणे आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरने झाडणे त्या दिवसांत टाळावे.

आग विझली असे समजणे

१९ ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेली छोटी आग आटोक्यात आली होती. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, ती पुन्हा भडकली आणि २५ जणांचा बळी गेला. लाहायनाची दुपारची आगही सकाळी विझलेली मानलेल्या आगीतूनच उसळली. म्हणून परत येण्याची परवानगी मिळाल्यावर पहिले कित्येक तास पोटमाळा, पन्हळी, ओसरीखालची जागा आणि लाकडाच्या राशी पुन्हा पुन्हा तपासाव्यात. जळालेल्या झाडांची मुळे जमिनीखाली धुमसत असतात. वरून शाबूत दिसणाऱ्या राखेत पाय खोल जाऊ शकतो.

घरे जळून उरलेल्या राखेत शिसे, ॲस्बेस्टॉस आणि इतर विषारी द्रव्ये असतात. ती कोरडी झाडू नये, पाने उडवण्याच्या यंत्राने तर मुळीच उडवू नये. हलके पाणी शिंपडून, मास्क आणि हातमोजे घालून उचलावी, आणि मुलांना त्या वेळी तिथे आणू नये. साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे, कारण न जळलेल्या घरातल्या धुराच्या नुकसानीवरूनच विमा कंपनीशी सर्वाधिक वाद होतात. गॅस बंद केलेला असेल तर तो स्वतः सुरू न करता पुरवठादाराच्या माणसाकडून सुरू करून घ्यावा.

नळाच्या पाण्याबाबत एक चूक अगदी सदिच्छेने केली जाते: पाणी उकळून पिणे. सँटा रोझा आणि पॅरडाइस येथे आगीनंतर जलवाहिन्यांत बेंझीन हे विषारी रसायन आढळले होते, आणि उकळल्याने ते पाणी निर्धोक होत नाही; उलट बेंझीन वाफेबरोबर घरातल्या हवेत मिसळते. पाणी पिऊ नये अशी सूचना असेल तर बाटलीबंद पाणीच वापरावे, आणि अंघोळीबाबत वेगळी सूचना आहे का, तेही विचारून घ्यावे.

यानंतरचा धोका पावसाचा असतो. जळालेल्या उतारावरची माती पाणी शोषत नाही आणि तिला धरून ठेवणारी मुळेही उरलेली नसतात. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेसिटो या वस्तीच्या वरचे डोंगर जळाले, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे त्यांवर थोडा वेळच पण अत्यंत जोराचा पाऊस झाला आणि चिखल-दगडांचा लोंढा वस्तीत शिरून २३ जण दगावले. जळालेल्या डोंगराच्या पायथ्याशी घर असेल तर पुढची दोन ते पाच वर्षे मुसळधार पावसाच्या इशाऱ्यालाही वणव्याच्या इशाऱ्याइतकेच तत्परतेने घराबाहेर पडावे, आणि निघण्याच्या तयारीने भरून ठेवलेली पिशवी वाऱ्याचा मोसम संपला म्हणून रिकामी करून ठेवू नये.